आयएनजी रवलां

क्रियापदाच्या आधी टू लावायचा की त्याच्या शेपटाला आयएनजी जोडायचं, या एका प्रश्नावर माझी सगळी नोकरी गेली. अंगात रग होती तेव्हा मी मुलांवर ओरडायचे. पुढे समजावून सांगायला लागले. शेवटी शेवटी तर नुसती लाल रेघ मारून पान उलटायचे, कारण तीच चूक त्या पोराच्या बापानेही माझ्याच वर्गात केलेली असायची. गंमत म्हणजे आमच्या गोव्यावर राज्य करायला इंग्रज कधी आलेच नाहीत. आले ते पोर्तुगीज. त्यांनी निदान पाव दिला, बसायला कदेल दिलं, भिंतीला जनेल दिलं. इंग्रजांनी काही एक न देता लांबून नुसतं व्याकरण धाडलं, आणि ते घरोघर वाटायचं काम लाटंबार्शाला काजूच्या बागेत वाढलेल्या माझ्यासारखीवर येऊन पडलं.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. मुलगी लग्न होऊन पुण्याला, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली, नवरा बोटीवर. धारगळच्या घरात मी एकटी. सकाळी पोदेर पाव टाकून गेला की पुढचा सगळा दिवस माझा. पण पेडण्यात विमानतळ आला, आणि ज्यांना मी शाळेत काठावर पास केलं होतं ते सगळे मिशांसकट, मुलाबाळांसकट पुन्हा दारात उभे राहिले. 'टीचर, इंग्लीश जाय.' म्हणजे इंग्रजी हवं. कुणाला बोटीच्या हॉटेलात जायचं होतं, कुणाला विमानतळावर चिकटायचं होतं. मला नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. पुढच्या खोलीत फळा टांगला आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. ते दिवसभर राबून येणार, मी दिवसभर घरात राबणार, आणि मग दमलेल्या बाईने दमलेल्या माणसांना इंग्रजी शिकवायचं. दोन्ही बाजूंनी जांभया.

त्यात हरमलचा एक टॅक्सीवाला होता. चाळिशीचा, गोड स्वभावाचा, आणि इंग्रजीच्या बाबतीत पालथा घडा. एकदा तो रडवेला होऊन आला. कुणी परदेशी पाहुणा समुद्रावर जेवायला गेला होता आणि ह्याला बाहेर थांबायला सांगून गेला होता. हा बिचारा उन्हात थांबला. बराच वेळ झाला तेव्हा त्याने पाहुण्याला मोबाइलवर कळवलं, 'आय स्टॉप्ड वेटिंग फॉर यू.' पाहुण्याने ते वाचलं आणि दुसरी टॅक्सी करून निघून गेला.

'टीचर, मी खरां तांच सांगलंय,' तो म्हणाला. 'मी वाट बघत रवलंय. रवलंय म्हणजे स्टॉप्ड, वाट बघत म्हणजे वेटिंग. मगे चुकलां खंय?'

मी कपाळावर हात मारला. त्याला म्हणायचं होतं, तुझ्यासाठी थांबून राहिलोय. त्याने सांगितलं, तुझी वाट बघणं मी सोडून दिलंय. चूक त्याची नव्हती, आमच्या रव या शब्दाची होती. मराठीत निदान थांबणं वेगळं, राहणं वेगळं. आमच्याकडे दोन्हीला एकच. रव म्हणजे थांब. रव म्हणजे राहा. पाऊस रवलो म्हणजे पडायचा थांबला. पाहुणो रवलो म्हणजे जायचा थांबला, मुक्कामाला राहिला. भात रवलां म्हणजे टोपात उरलं. आणि तू खंय रवतस म्हणजे तुझं घर कुठं. एवढा सगळा संसार एका शब्दावर चाललेला, आणि तो शब्द घेऊन ही माणसं इंग्रजीत शिरतात, तिथं टू आणि आयएनजी त्यांची वाट अडवून उभे असतात.

त्या दिवशी मी वर्गात जाहीर केलं की या खोलीत रव हा शब्द बोलायचा नाही. चपला काढता तिथंच तोही काढून ठेवायचा. सगळे हसले आणि त्यांनी ते मानलं. मीही मानलं. एखादा मध्येच बोलला तर मी हात वर करून 'वेट' म्हणायचे. जिभेला वळण लागायला वेळ लागला, पण लागलं.

माझी शिकवायची एक पद्धत होती. पुस्तकातली उदाहरणं मी देत नसे. पुस्तकातला माणूस सतत पोहत असतो नाहीतर बागेत फिरत असतो; त्याचं आमच्याशी काय नातं? वाक्य स्वतःचं असावं आणि खरं असावं, खोटं वाक्य डोक्यात रुजत नाही, असं मी सगळ्यांना बजावत असे. यूज्ड टू हा सगळ्यांत चिवट धडा. त्याची दोन रूपं बहिणी-बहिणींसारखी दिसतात आणि अर्थ पार वेगळा. एकीत ॲम असतो आणि मागे आयएनजी येतं: मला अमुक गोष्टीची सवय आहे. दुसरीत ॲम नाही, आयएनजी नाही, साधं क्रियापद: एके काळी मी तसं करायचे, आता करत नाही. मी फळ्यावर वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आले होते. आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन. मला एकटं राहायची सवय आहे. लिहिताना कधी डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. खरं होतं, म्हणून लिहीत होते.

आणि मग हे कायमचे घरी आले.

हे मालवाहू बोटीवर कुक होते. तरुणपणापासून तेच काम. वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर, मध्ये दोनेक महिने घरी. घरी आले की पाहुण्यासारखे यायचे आणि पाहुण्यासारखे लाड करून घ्यायचे. निघताना मी दारात उभी राहून 'या' म्हणायचे. आमच्याकडे बोटीवर जाणाऱ्या माणसाला रवा म्हणायची पद्धत नाही. म्हटलं तर पोटावर पाय येतो, आणि समुद्रावरच्या माणसाचं मन मागे अडकू नये असंही म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. पहिल्या वर्षी ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं. पुढे गिळायलाही काही उरलं नाही.

आता मात्र पेटी आली ती माळ्यावर चढली. पहिले आठ दिवस बरं वाटलं. नंतर माझ्या लक्षात आलं की माझ्या स्वयंपाकघरात दुसराच कुणी राज्य करतोय. मसाल्याचे डबे खाली आले, जड भांडी अगदी तळाला गेली, विळी भिंतीला दोरीने बांधली गेली. बोटीवर संध्याकाळी लवकर जेवतात म्हणून ह्यांचं जेवण सहाला तयार, नेमकं माझा वर्ग सुरू व्हायच्या वेळी. मी इकडे इन्फिनिटिव्ह सांगते आहे आणि आतून सुंगटांच्या हुमणाचा, कोळंबीच्या कालवणाचा, वास येतो आहे. वर्गाचं लक्ष कुठं असणार? आणि सगळ्यांत माझं डोकं फिरायचं ते ओल्या कापडाने. जेवायच्या मेजावर हे आधी एक ओलं कापड पसरायचे आणि त्यावर ताटं मांडायचे. रोज. लाकडावर पांढरे डाग उठले.

'हां किते?' मी एकदा विचारलंच.

'बोट हालली काय ताटां घसारतत गो. ओल्या कापडार घसरना.'

'हांगा किते हालता?'

ह्यांनी मेजाला हात लावून बघितलं. 'हांगा कायच हालना,' म्हणाले. 'पूण हात आयकना.'

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी दमले होते. इतकी वर्षं या घराचं छप्पर शाकारण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं मी एकटीने ओढलं होतं, आणि ओढता ओढता ते घर माझ्या हाताचं झालं होतं. दिवा कधी लावायचा, रेडिओ कुठल्या आवाजात ठेवायचा, जेवायचं की नुसता चहा आणि पावाचा उंडा खाऊन झोपायचं, हे विचारायला कुणी नव्हतं. त्याचं मला दुःख आहे असं सगळ्या वाड्याला वाटायचं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. हे घरी आल्यावर कळलं की दुःख केव्हाच सरलं होतं आणि तिथं सुखच येऊन बसलं होतं. आता शेजारणी म्हणायच्या, 'नशीब काडलंस गो, घोव घरा आयलो.' मी हो हो म्हणायचे आणि आत येऊन ओलं कापड उचलायचे.

तेवढ्यात एजंटाचा फोन आला. कुठल्याशा बोटीचा कुक आजारी पडून उतरला होता, दुसरा मिळत नव्हता; एक कंत्राट कराल का, आठवड्याभरात सांगा. ह्यांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, 'किते सांगूं ताका?'

'तुमची मर्जी,' मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. सरळ लिहिते: ह्यांनी जावं असं मला वाटत होतं. वाईट बाई म्हणायचं तर म्हणा. पण जा हे तोंडाने कसं म्हणणार? उभा जन्म ज्याने पाण्यावर काढला त्याला घराबाहेर काढायचं? आणि रवा तरी कसं म्हणू, ते खोटं झालं असतं, आणि खोटं वाक्य मी लिहीत नाही. म्हणून तुमची मर्जी. ह्यांनाही ते कळत असावं. पण हे स्वतः होऊन हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते. बोटीवर सगळं कप्तान ठरवतो, घरी आल्यावर आई ठरवायची. ह्यांनी आयुष्यात काय रांधायचं याखेरीज कधी काही ठरवलंच नव्हतं. रोज सकाळी विचारायचे, रोज मी टोलवायचे. शेवटी एजंटानेच कळवलं की आज संध्याकाळी फोन करतो, काय ते एकदा सांगून टाका.

त्या आठवड्यात मी वर्गात यूज्ड टू शिकवायचं टाळत होते. बाकी सगळं शिकवलं. एन्जॉयच्या मागे आयएनजी, वाँटच्या मागे टू, अव्हॉइडच्या मागे काय ते तर मला चांगलंच पाठ झालं होतं. हे मधल्या दारापलीकडे बसलेले असायचे. ह्यांचं इंग्रजी म्हणजे सगळी मोडतोड, फिलिपिनो आणि रशियन माणसांबरोबर भांडून शिकलेलं. पण ऐकलेलं सगळं समजतं. माझं ते नेहमीचं वाक्य त्यांच्या कानांवर पडू नये असं मला वाटत होतं. दुसरं वाक्य लिहिता आलं असतं, भाताची सवय, उकाड्याची सवय. पण मी स्वतःला ओळखते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, खडू हातात आला की माझा हात तेच वाक्य लिहिणार.

एजंटाचा फोन यायचा होता नेमकी त्याच संध्याकाळी वर्गातली एक मुलगी अडून बसली. मुलगी म्हणजे धारगळचीच एक सून, विमानतळावर मदतनिसाची नोकरी मिळते का बघत होती. मागच्या खेपेला तिला मुलाखतीत विचारलं होतं, रात्रपाळीची सवय आहे का. आधी ती हॉटेलात रात्रपाळीच करायची, म्हणून तिने आनंदाने सांगितलं, 'आय यूज्ड टू वर्क नाइट्स.' ऐकणाऱ्याने अर्थ घेतला की पूर्वी करायची, आता करत नाही. झालं, दुसरीला घेतलं. आता तिला पुन्हा बोलावलं होतं.

'टीचर, फाल्यां माजो इंटरव्ह्यू,' ती म्हणाली. 'फाल्यां म्हणजे फाल्यां. आज तां यूज्ड टू शिकवच.'

उद्या तिची नोकरी होती. माझ्या घरातल्या भानगडीपायी मी तिचा धडा अडवू शकत नव्हते. मी उठले. आत हे मेजावर ताटं मांडत होते, कापड पिळल्याचं पाणी बादलीत पडलं ते ऐकू आलं. मी खडू घेतला आणि लिहायला लागले. आय ॲम यूज्ड टू, एवढं लिहून झालं आणि आत फोन वाजला.

माझा हात फळ्यावरच राहिला. ह्यांचा आवाज आला, 'हलो. हय. हय.' मग मधलं दार उघडलं. हे दारात उभे, एका खांद्यावर ते ओलं कापड, फोन छातीशी दाबलेला. वर्गासमोर हे कधी आले नव्हते. सगळे बघायला लागले.

'तो फोनार आसा,' हे हळू म्हणाले. 'किते सांगूं ताका?'

इकडे वर्गाचं चाललेलं. फळ्यावरचं वाक्य अर्धं दिसल्याबरोबर पुढचं सांगायची घाई सगळ्यांना. टॅक्सीवाला ओरडत होता, 'टू लिव्ह! टीचर, टू लिव्ह!' ती मुलगी त्याच्यावर ओरडत होती, 'लिव्हिंग रे, लिव्हिंग!' बाकीचे दोन्ही बाजूंनी. माझ्या डोक्यात कलकलाट झाला. वेट हा शब्द त्या क्षणी आठवलाच नाही. मी खडूचा हात वर केला आणि सगळ्या वर्गाला म्हटलं,

'रवा!'

वर्ग गप्प झाला. मीच घातलेली बंदी मीच मोडली म्हणून कुणीतरी फिसकन हसलं. ह्यांनी मात्र माझ्याकडे बघितलं. मी ह्यांना तुमी म्हणते, त्यामुळे ह्यांनाही रवाच म्हणावं लागतं. वर्गालाही रवा आणि नवऱ्यालाही रवा. ह्यांनी फोन कानाला लावला.

'बायल रवा म्हणता,' हे म्हणाले. तिकडून काहीतरी विचारलं असावं. 'ना, ना. अर्दां कंत्राटय ना. रवा म्हणता ती. आता रवलंय मी.'

हा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मुलीच्या जन्माची तार बोटीवर मिळाली तेव्हा कदाचित असा निघाला असेल, पण तेव्हा ऐकायला मी नव्हते. जत्रेत हरवलेल्या पोराला आईने हाक मारावी आणि त्याने हो म्हणून ओरडावं, तसा होता. दार लागलं. आत ताटं पुन्हा वाजायला लागली, जरा जास्तच जोरात.

मला आत जाऊन सांगता आलं असतं. अहो, मी तुम्हाला नाही म्हटलं, वर्गाला म्हटलं. थांबा म्हटलं, राहा नाही म्हटलं. दोन वाक्यांचं काम होतं. माणसाची चूक समोर दिसली आणि मी ती तशीच सोडली असं माझ्या हातून कधी घडलं नव्हतं. लग्नपत्रिकेतल्यासुद्धा मी पेन्सिलीने दुरुस्त करते. पण पाय उचलला नाही. कंटाळा आला असं मी मला सांगितलं. आता पुरे, किती दुरुस्त करायचं एका बाईने. ते खरंच होतं, दम उरला नव्हता. पण तो नुसता कंटाळा नव्हता. पहिल्या वर्षी जे गिळलं होतं ते इतक्या उशिरा, चुकून, भलत्याच माणसांना उद्देशून बाहेर पडलं होतं, आणि ज्याचं त्याला जाऊन पोचलं होतं.

वर्ग वाट बघत होता. मी फळ्याकडे वळले आणि उरलेलं वाक्य पुरं केलं. काय लिहिलं ते मला कळलंही नाही. मागे कुजबुज झाली. मग ती मुलगी भीत भीत म्हणाली, 'टीचर, आयएनजी रवलां.'

मी बघितलं. खरंच राहून गेलं होतं. आय ॲम यूज्ड टू लिव्ह अलोन. धड ही बहीण नाही, धड ती नाही. ज्या चुकीवर मी आयुष्यभर लाल रेघा मारल्या तीच माझ्या अक्षरात फळ्यावर उभी होती. टॅक्सीवाल्याला तर गगन ठेंगणं झालं. 'म्हज्याच सारक्यां!' तो सगळ्यांना सांगत होता.

वाक्य दोन्हीकडून सुधारता येण्यासारखं होतं. मागे आयएनजी जोडलं की मला एकटं राहायची सवय आहे. पुढचा ॲम काढला की एके काळी मी एकटी राहायचे. दोन्ही व्याकरणाने बरोबर. आणि दोन्ही खरी, हेच त्यातलं कठीण. उद्या मेजावर पुन्हा ओलं कापड असणार, परवाही असणार, आणि मी चिडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आतून ह्यांनी हाक मारली की आज ताटं दोनच मांडलीत, वर्गाची मंडळी जेवणार का विचार.

ती मुलगी खडू घेऊन फळ्याजवळ आली होती. तिला बरोबर उत्तर येत होतं आणि ते लिहायची तिला घाई झाली होती. 'लिव्हिंग करूं, टीचर?'

'रव गो,' मी म्हटलं, आणि ॲम पुसला.